मलप्रभेच्या काठाने बदामीची लेणी

बेळगाव-खानापूर भागातल्या मराठी घरांना बदामी परकी नाही. बनशंकरी ही आमच्यापैकी अनेकांची कुलदेवता असल्याने लग्नमुंजीनंतर तिच्या दर्शनाला जाणे होतेच, आणि देवीची ओटी भरून झाल्यावर हाताशी तास-दीड तास उरला तर ‘आलोच आहोत, तर लेणीही पाहून घेऊ’ म्हणून डोंगराच्या पायऱ्या चढल्या जातात. अशा घाईत लेणी दिसतात, पण ती तिथेच आणि त्याच काळात का कोरली गेली, हा प्रश्न मनात येत नाही. या वेळी आम्ही वाट बदलली. ज्या मलप्रभेच्या खोऱ्यात बदामी येते, ती नदी आमच्याच खानापूर तालुक्यात उगम पावते. तेव्हा उगमापासून तिच्या उताराने जायचे आणि बदामीला वरच्या अंगाने पोहोचायचे, असे ठरले. सोबत इतिहास शिकवून निवृत्त झालेले आमचे सर होते आणि गाडी चालवायला भावोजी.

शुक्रवार : कणकुंबी आणि हलशी

जांबोटीवरून चोर्ल्याच्या वाटेला लागले की मार्गशीर्षातही हवेत ओल जाणवते. कणकुंबीला माउली देवीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम मानतात. सुमारे ७९० मीटर उंचीवर निघणारी ही नदी समुद्र इतका जवळ असूनही पूर्वेकडे वळते आणि सुमारे ३०० किलोमीटरांचा प्रवास करून कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. तीर्थाच्या कुंडाकडे पाहून ही नदी पुढे एवढ्या राजवटी पोसणार आहे याचा अंदाज येणे शक्य नाही.

याच डोंगराळ पट्ट्यात, भीमगडच्या अभयारण्यात, तळेवाडीजवळ बारापेडेची गुहा आहे. नैसर्गिक गुहा पाहायची हौस असलेल्यांना तिचे आकर्षण वाटते, पण ती प्रेक्षकांसाठी नाही आणि नसावी हेच बरे. १९१२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीत येथे वटवाघळाची एक अनोळखी जात सापडली. पुढच्याच वर्षी शास्त्रीय नोंद होऊन तिला वनाधिकारी रॉटन यांचे नाव मिळाले. मेघालयात आणि कंबोडियात ती आढळेपर्यंत कित्येक दशके जगाला या जातीचे हे एकच घर ठाऊक होते. आम्ही त्या दिशेला गेलो नाही. खानापूरमार्गे थेट हलशी गाठली.

हलशी म्हणजे कदंब राजघराण्याची पलाशिका. बनवासी ही त्यांची मूळ राजधानी आणि पलाशिका उत्तरेकडचे दुसरे सत्ताकेंद्र. आज गाव लहान, कौलारू आणि बोलण्यात पूर्ण मराठी आहे. येथला पाचव्या-सहाव्या शतकांचा इतिहास आपल्याला कळतो तो मुख्यतः ताम्रपटांमुळे. हलशीहून नंदगडकडे जाणाऱ्या वाटेवर चक्रतीर्थ नावाच्या विहिरीजवळच्या टेकाडात ते एकोणिसाव्या शतकात सापडले आणि कोरीव लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतून काकुस्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा ही नावे समोर येतात. मृगेशवर्म्याने पलाशिकेत जिनालय बांधवून यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या जैन संघांना जमीन दिली. रविवर्म्याने कार्तिकात आठ दिवस जिनेंद्राचा उत्सव चालावा म्हणून एका गावाचे उत्पन्न लावून दिले. या राजांच्या दानपत्रांत कुळाची ओळख ‘मानव्यसगोत्र, हारितीपुत्र’ अशी दिलेली असते. सरांनी गाडीतच आम्हाला ही दोन विशेषणे पाठ करायला लावली आणि बदामीला पोहोचेपर्यंत विसरू नका, अशी ताकीद दिली.

त्या जुन्या पलाशिकेचे आज जमिनीवर फारसे काही उरलेले नाही. गावात दिमाखाने उभे आहे ते भूवराह-नरसिंह मंदिर, आणि ते गोव्याच्या कदंबांचे, म्हणजे सहाशे वर्षांनंतरचे. येथल्या लेखात नरसिंहाच्या प्रतिष्ठेचे साल ११६९ असे येते, तर भूवराहाची मूर्ती त्यानंतरची, विजयादित्याच्या काळातली आहे. शिखर कदंब पद्धतीचे, पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळते होत गेलेले. आत दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकात भूमातेला उचलणारा वराह उभा आहे, दुसऱ्यात नारायण आणि नरसिंह आहेत. आम्ही वराहासमोर रेंगाळलेले पाहून ओट्यावर बसलेले एक आजोबा म्हणाले, “ह्या देवाला हात जोडा आणि मग मागं वळा. तो दुसरा बी तुमच्याकडंच बघत असतोय.” देवळाची मांडणी याहून नेमकी सांगता आली नसती.

शनिवार : सौंदत्ती, तोरगल, रामदुर्ग

सकाळी बैलहोंगलच्या बाजूने निघालो. बेळगावची तांबडी, जांभ्याची माती मागे पडते आणि काळ्या रानांत ज्वारी, हरभरा दिसू लागतो. सौंदत्तीजवळ भूगोल एकदम बदलतो. कठीण वालुकाश्माची एक रांग नदीला आडवी आली आहे आणि मलप्रभा ती फोडून नविलुतीर्थाच्या अरुंद खिंडीतून बाहेर पडते. भूगर्भशास्त्रात हा खडक कलादगी समूहातला गणतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ पाण्यात साचलेल्या वाळूचा हा दगड पुढे बदामीपर्यंत कमी-अधिक जाडीने भेटत राहतो. याच खिंडीवर आज मलप्रभेचे धरण आहे. लेणी पाहायला निघालेल्या माणसाने येथे पाच मिनिटे थांबून कड्याकडे नीट पाहावे, कारण लेण्यांचा कच्चा माल पहिल्यांदा येथे डोळ्यांसमोर येतो. एकावर एक सरळ थर, थरांमधल्या फटी आणि ताशीव कडे. छिन्नी लावणाऱ्याला असा दगड अर्धे काम करून देतो.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेची गर्दी ओसरली होती, तरी कोल्हापूर, सांगलीकडच्या गाड्या होत्याच. “उदे गं आई उदे” चा गजर कानडी मुलखात मराठीतून ऐकताना कोणालाही काही वावगे वाटत नाही. सौंदत्ती ही रट्ट राजांची जुनी राजधानी. ती त्यांनी पुढे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला वेणुग्रामाला, म्हणजे आमच्या बेळगावला नेली. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची, त्यांच्याच काळातली.

पुढे तोरगलचा किल्ला लागतो. कोल्हापूर संस्थानातल्या शिंद्यांची ही जहागीर. तेथे आम्ही थांबलो ते केवळ चहापुरते. रामदुर्गला मात्र थोडे थांबणे भाग होते, कारण रामदुर्ग आणि शेजारचे नरगुंद ही भाव्यांची संस्थाने बदामीच्या अलीकडच्या इतिहासाशी जोडलेली आहेत. १७८५ साली टिपूच्या फौजेने नरगुंद घेतले आणि व्यंकटराव भाव्यांना कैद केले. त्यातून पेटलेल्या मोहिमेत मराठे आणि निजाम यांच्या फौजा एकत्र आल्या व मे १७८६ मध्ये त्यांनी बदामीचा किल्ला टिपूकडून जिंकून घेतला. नाना फडणीस त्या वेळी छावणीत हजर होते. त्याच नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना १८५८ साली बेळगावात फाशी झाली. आमच्या शाळांत दुसरी हकिगत शिकवली जात असे, पहिली नाही.

रामदुर्ग ते कुळगेरी हा रस्ता इतका उखडलेला होता की भावोजींनी गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच चालवली. बदामीत शिरेपर्यंत अंधार पडला होता, त्यामुळे कडे दिसलेच नाहीत.

रविवार : बदामी

तिकीटघर उघडताच आत गेलो. अगस्त्य तीर्थ या तलावाच्या दोन अंगांना दोन डोंगर आहेत आणि दोहोंवर किल्ले. लेणी दक्षिणेकडच्या डोंगरात, पायथ्यापासून वर वर चढत जाणारी चार आहेत. पायऱ्यांवर माकडांचे राज्य असते. हातातली पिशवी गाडीतच ठेवावी.

उत्तरेच्या डोंगरातल्या कड्यावर चालुक्य राजा पहिला पुलकेशी याचा लेख आहे. शके ४६५, म्हणजे इसवी सन ५४३ साली त्याने वातापीचा, म्हणजे बदामीचा, डोंगर तटबंदी करून दुर्गम केला, असे त्यात म्हटले आहे. चालुक्यांचा राज्य म्हणून इतिहास तेथून सुरू होतो. त्या वेळी नदीच्या वरच्या अंगाला पलाशिकेत, आणि बनवासीतही, कदंब अजून राज्य करत होते. पुलकेशीचा मुलगा पहिला कीर्तिवर्मा याने कदंबांचा पाडाव केला आणि त्याच्याच कारकिर्दीत तिसरे लेणे पूर्ण झाले.

पहिले लेणे शिवाचे. बाहेरच्या उजव्या बाजूला अठरा हातांचा नटराज आहे. हातांच्या जोड्या जुळवून एक्क्याऐंशी मुद्रा मोजून दाखवणे हा येथल्या गाइडांचा आवडता खेळ असून, शाळेची मुले तो तोंड उघडे ठेवून ऐकतात. मला त्या मोजणीपेक्षा नटराजाच्या पायाशी असलेला छोटा गणपती अधिक भावला. गणपतीच्या इतक्या जुन्या मूर्ती दख्खनमध्ये फार नाहीत. आत हरिहर आणि अर्धनारीश्वर समोरासमोर आहेत. अर्धनारीश्वराशेजारी हाडांचा सापळा झालेला शिवभक्त भृंगी हात जोडून उभा आहे. दुसरे लेणे विष्णूचे. तेथे त्रिविक्रम आणि वराह ही दोन मोठी शिल्पे आहेत, आणि एरवी तेवढ्यासाठीही कोणी बेळगावहून येथवर यावे.

पण थांबायचे ते तिसऱ्यापाशी. वाटेत एक नैसर्गिक कपार लागते आणि किल्ल्यावर जाणारा एक चढ लागतो, जो लोखंडी दाराने बंद केलेला आहे. मग सुमारे सत्तर फूट रुंदीची दर्शनी बाजू समोर येते. शेषावर बसलेला विष्णू, उभा नरसिंह, हरिहर, त्रिविक्रम आणि वराह, सगळेच पुरुषभर उंचीहून मोठे. खांबांच्या माथ्यावर छताला आधार देणाऱ्या तिरकस दगडांच्या जागी झाडाखाली उभी असलेली जोडपी कोरलेली आहेत. त्यांतल्या एका जोडप्यापाशी मी बराच वेळ होतो. दगडाचे जांभळट आणि फिके पट्टे त्या स्त्रीच्या खांद्यावरून तिरपे उतरून पुरुषाच्या कमरेत गेले आहेत. कारागिराला ते टाळता आले नसते, आणि त्याने ते टाळायचा प्रयत्नही केलेला दिसत नाही. तिचा हात जिथे त्याच्या खांद्याला टेकतो, तिथे पट्ट्याची रेघ आणि बोटांची रेघ एक झाली आहे. वर, छज्जाच्या खालच्या वळणावर, रंगीत चित्रांचे पुसट तुकडे अजून तग धरून आहेत. ही चित्रे एकेकाळी सगळीकडे असणार. आज आपण जो लालसर दगड पाहून हरखतो, तो त्या काळच्या लोकांना बहुधा रंगाखाली झाकलेला दिसत होता.

लेणे कोरण्याचे काम वरून खाली होते. आधी छताची पातळी धरून आत शिरायचे, खांबांपुरता दगड राखत खाली उतरायचे आणि शेवटी जमीन गाठायची. बांधकामात चुकलेला दगड बदलता येतो. येथे तुटलेला हात तुटलेलाच राहतो. हे पाहिले की ओवरीच्या एका भिंतस्तंभावरच्या लेखात या लेण्याला ‘अत्यद्भुत’ म्हटले आहे, ते वाजवी वाटते.

तो लेख हेच आमच्या प्रवासाचे खरे ठिकाण होते. शके ५००, कीर्तिवर्म्याच्या राज्याचे बारावे वर्ष, कार्तिकी पौर्णिमा, म्हणजे इसवी सन ५७८. भारतातल्या इतर अनेक लेण्यांच्या काळाबद्दल पंडितांचे वाद संपत नाहीत. येथे मात्र तिथीसुद्धा हाती आहे, आणि म्हणूनच दख्खनमधल्या कितीतरी शिल्पांचे वय या एका लेखाच्या आधाराने ठरवतात. लेख कीर्तिवर्म्याचा धाकटा भाऊ मंगलेश याचा. सुरुवातीलाच चालुक्य कुळाचे वर्णन येते : ‘मानव्यसगोत्राणां हारितीपुत्राणां’. सरांनी आमच्याकडे पाहिले. ज्या कदंबांना कीर्तिवर्म्याने मोडले, त्यांचीच ही बिरुदे विजेत्यांच्या लेण्यात कोरलेली होती. दख्खनमध्ये राजा म्हणून मान्यता हवी असेल तर गोत्र, मातृकुळ आणि यज्ञ कसे सांगायचे, याची रीत आधीच पडून गेली होती. चालुक्यांनी तीच उचलली. बदामीचे लेणे कितीही नवे वाटले तरी ते बोलते ती भाषा वरच्या खोऱ्यात घडलेली आहे, आणि हलशी पाहून आल्याशिवाय ते ध्यानात येत नाही.

लेखात पुढे लंजीश्वर नावाचे गाव या महाविष्णुगृहाला दिल्याची नोंद आहे. त्या उत्पन्नातून नारायणबली आणि सोळा ब्राह्मणांचे अन्नसत्र चालवायचे, उरेल ते परिव्राजकांच्या जेवणाला. आणि मग मंगलेश म्हणतो की या सगळ्याचे पुण्य माझ्या थोरल्या भावाला मिळो, मला फक्त भावाच्या सेवेचे फळ मिळावे. हा मजकूर डोळ्यांत पाणी आणणारा आहे, पुढे काय झाले ते ठाऊक नसेल तर. कीर्तिवर्म्यानंतर मंगलेश गादीवर आला, पुतण्याचा हक्क डावलून गादी स्वतःच्या मुलाला देण्याचा त्याने प्रयत्न केला आणि त्या भांडणात राज्यासह जीवही गमावून बसला. तो पुतण्या म्हणजे दुसरा पुलकेशी. भावोजींचे मत असे की लेख कोरताना मंगलेश खरेच बोलत होता; सर म्हणाले, राजघराण्यात इतकी नम्रता दगडावर लिहावी लागते तेव्हाच शंका घ्यावी. वाद तिथेच राहिला.

वराहासमोर पुन्हा उभे राहिलो. येथला वराह चालुक्यांच्या राजमुद्रेवरचाच देव आहे. पृथ्वीला वर काढणारा देव आणि राज्य उभे करणारा राजा यांतले नाते कोणालाही उमगावे असे ते शिल्प आहे. हलशीचा वराह त्यामानाने देवळातला, पूजेतला, गंधफुलांचा. एकाच नदीच्या खोऱ्यातले हे दोन वराह पाहताना मला बदामीचा अधिक थोर वाटला आणि हलशीचा अधिक जवळचा.

चौथे लेणे जैन, सर्वांत वरचे आणि लहान. बाहुबली, पार्श्वनाथ आणि लहान लहान तीर्थंकरांच्या रांगा. पलाशिकेतल्या जिनालयांची परंपरा चालुक्यांच्या राजधानीतही अखंड होती याची ही साक्ष. दुपारी तलावाच्या काठाने भूतनाथाच्या देवळांपर्यंत गेलो आणि पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय पाहिले. १८७४ सालच्या जानेवारी ते मे या महिन्यांत जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीचा पहिला हंगाम बेळगाव आणि तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यांत घालवला, तेव्हा या लेण्यांची पद्धतशीर मोजमापे आणि चित्रे पहिल्यांदा झाली. वेरूळ-अजिंठ्याच्या आधी पहिली मोहीम आमच्या मुलखातून निघाली, याचा बेळगावात कोणी फारसा उल्लेख करत नाही.

या वैभवाला लवकरच धक्का बसला. ६४२ च्या सुमारास पल्लव राजा नरसिंहवर्मा याने बदामी जिंकली, ‘वातापीकोंड’ (वातापी जिंकणारा) हे बिरुद लावले आणि येथल्याच खडकावर आपला लेख कोरून ठेवला. काही वर्षांनी चालुक्य सावरले, पण दुसरा पुलकेशी परतला नाही.

सोमवार : बनशंकरी, पट्टदकल, ऐहोळे

सकाळी बनशंकरी. आजचे देऊळ अठराव्या शतकात परशुराम आगळे या मराठा सरदाराने उभारलेले, म्हणून त्याचे वळण चालुक्य पद्धतीहून वेगळे आहे. पौषातल्या जत्रेची पाले पडायला सुरुवात झाली होती. देवळाबाहेर बायका बुट्टीतून कडक ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि मडक्यातले दही विकतात. तो नाश्ता चुकवू नये.

महाकूटाला धावती भेट दिली. मंगलेशाचा जयस्तंभ येथलाच, पण तो आता विजापूरच्या संग्रहालयात आहे. पट्टदकलला मलप्रभा काही अंतर उत्तरेकडे वाहते आणि तिच्या काठावर आठव्या शतकातली देवळे दाटीने उभी आहेत. दुसऱ्या विक्रमादित्याच्या कांचीविजयाच्या स्मरणार्थ राणी लोकमहादेवीने बांधलेले विरूपाक्ष मंदिर सर्वांत मोठे. वेरूळच्या कैलासाची आठवण येते, आणि ती योग्यच आहे. चालुक्यांची जागा घेणाऱ्या राष्ट्रकूटांनी ही परंपरा तिकडे नेली. १९८७ पासून या देवळांना जागतिक वारशाचा दर्जा आहे, त्यामुळे हिरवळ उत्तम राखली आहे आणि गर्दीही भरपूर असते.

ऐहोळेला आम्ही फक्त मेगुटीची टेकडी चढलो. शके ५५६, म्हणजे ६३४-३५ सालचे हे जैन देऊळ बांधवणारा रविकीर्ती स्वतः कवी होता, आणि दुसऱ्या पुलकेशीची त्याने रचलेली संस्कृत प्रशस्ती भिंतीत बसवलेली आहे. स्वतःची तुलना त्याने कालिदास आणि भारवी यांच्याशी केली, म्हणून त्या दोघांच्या काळाला एक पक्की मर्यादा मिळाली. मराठी वाचकाला यातली एक ओळ ठाऊक असते : नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य पुलकेशीने मिळवले. आपले नाव इतक्या जुन्या शिलालेखात आहे म्हणून ती ओळ आपण वारंवार उद्धृत करतो. त्याच काव्यात कीर्तिवर्म्याला नळ, मौर्य आणि कदंब यांची ‘कालरात्र’ म्हटले आहे. खानापूर तालुक्यातल्या माणसाने हीदेखील ओळ लक्षात ठेवायला हरकत नाही. ती त्याच्या गावच्या पहिल्या राजांबद्दल आहे.

मेगुटीवरून उतरलो तेव्हा चार वाजले होते. बागलकोट, लोकापूर, यरगट्टी असा परतीचा रस्ता चांगला आहे. सरांनी गाडीत बसताच पुढच्या वेळी बनवासीपासून सुरुवात करू, असे जाहीर केले, आणि भावोजींनी त्यावर फक्त रस्त्यांची चौकशी केली.